नेऱ्याच्या पाड्यावर मी दिलेला चुकीचा कौल

मित्रांनो, मी एक जुनी कॉइल आहे. हीटरमधली नव्हे हं, मी तुमच्या वर्गाएवढी ऐसपैस आहे. तांब्याच्या तारेचे वेढे घालून मला कारखान्यात घडवले आणि हेलिकॉप्टरखाली दोराने टांगले. उडता उडता मी जमिनीला विजेची हाक मारते. कोरडा कातळ गप्प बसतो, पाणी धरलेला खडक ओ देतो. त्यावरून जमिनीखालच्या पाण्याचा नकाशा तयार होतो. पेपरात फोटो आला तेव्हा मी जरा शेफारलेच.

पण लोखंडही मला ओ देते, आणि तेही पाण्यापेक्षा मोठ्याने.

म्हणून नेऱ्याजवळच्या एका पाड्यावर जाण्याआधी, माझे नकाशे वाचणाऱ्या मितालीताईंनी निरोप धाडला, की शेतातले सगळे लोखंड हलवून ठेवा. पाड्याची बोअर मार्चमध्येच आटली होती. नवी एकच मारायची परवानगी होती. ती कोरडी गेली, तर पाऊस येईपर्यंत टँकरची वाट बघत बसायचे.

मी उडाले. ओढ्याकाठी बारीकशी ओ आली. वरच्या शेतात मात्र इतकी खणखणीत, की ताईंनी तिथेच चुन्याची फुली मारली. लोकांनी नारळ फोडला, मलाही हळदकुंकू लावले. मी अगदी फुगून गेले.

दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. तेवढ्यात ते शेत कसणाऱ्या वेणूकाकी पुढे आल्या. चेहरा पडलेला होता.

"मॅडम, इथं नका मारू. इथं खाली कुंपनाच्या तारा हायत."

"खाली? कशा काय, काकी?"

"घरात ठेवायला जागा नाय, म्हनून आमीच पुरल्या. वाटलं, वरून उडनाऱ्याला काय दिसनार?"

"मग काल का नाही बोललात?"

"सगळ्यांनी नारळ फोडला. मंग तोंडच उघडंना."

मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. मी लोखंडालाच पाणी म्हटले होते! ताईंनी चुन्याची फुली पायाने पुसून टाकली. मग म्हणाल्या, "काकी, बरं झालं सांगितलंत." गाडी ओढ्याकाठी गेली. दुपारी पाणी लागले. आधी गढूळ, मग नितळ. काकी पदराने डोळे पुसत हसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. माझी ती बारीक ओ खरी निघाली होती.

आता नव्या हलक्या कॉइल आल्या आहेत. मी पनवेलच्या एका गोदामात भिंतीला टेकून असते. रखवालदार माझ्यावर ओला टॉवेल वाळत घालतो. मित्रांनो, तेवढे करू नका, माझे वेढे कोरडे ठेवा. अजून एखाद्या पाड्यावर जायची माझी तयारी आहे.

आणि तुमच्या हातून काही चुकले असेल, तर नारळ फुटल्यावरही सांगा. त्या दिवशी वेणूकाकी लाजून गप्प बसल्या असत्या, तर माझ्या शब्दावर अख्खा पाडा तहानलेला राहिला असता.