फिदेन्सिओ दार उघडत नाही

नाताळाआधीच्या पोसादाला, म्हणजे गरोदर मारियाने दारोदार आसरा मागितल्याच्या सोंगाला, झोना रोसा या समलिंगी बारच्या वस्तीतल्या एका गल्लीत मारियांचा कधीच तुटवडा नसतो. बारमध्ये बाईच्या वेशात गाणारे झाडून सगळे डोक्यावर निळी ओढणी घेऊन, पोटाला उशी बांधून हजर. मारियाचा नवरा होसे व्हायला मात्र कुणी तयार नसतं. दाढीत काय दिसणार? यंदा फिदेन्सिओच्या जोडीदाराला, निकानोरला, बखोटीला धरून होसे केलं आणि एका होसेमागे डझनभर गरोदर मारिया अशी ती वरात संध्याकाळी बारच्या दाराशी आली.

बाहेरच्यांनी गाऊन आसरा मागायचा, आतल्याने गाऊन हाकलायचं आणि शेवटच्या कडव्याला दार उघडायचं, ही रीत. हाकलायचं काम फिदेन्सिओकडे. तो बारचा दरवान. वर्षभर तेच करतो, त्यामुळे सुरात नसला तरी पटतो.

सुरुवातीला त्याने झोकात हाकललं. मग बाहेरच्या गाण्यात एक खणखणीत म्हातारा आवाज मिसळला आणि त्याने दाराची कडी नीट लागलीय ना ते पाहिलं. ती त्याची आई, दोन्या ओब्दुलिया, त्लास्कालाहून डॉक्टरला गुडघे दाखवायला आलेली. आपण हॉटेलच्या दारावर असतो आणि निकानोर नुसता खोलीतला भागीदार, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. ती त्यांच्या घरी टीव्हीसमोर असायला हवी होती; होसे झालेल्या निकानोरच्या मागोमाग आली असणार. आणि इथे आतल्या भिंतीवर त्याचा नि निकानोरचा मुका घेतानाचा फोटो, मालकाने हौसेने खाटेएवढा करून लावलेला.

उघडायचं कडवं आलं. फिदेन्सिओने पुन्हा हाकललं. बाहेर कुजबुज झाली, पुन्हा विनवणी झाली, तर याने पदरचे शब्द घालून आणखी एकदा हाकललं. आत फळांचा गरम पोंचे निवत चालला. बाहेर उशा घसरू लागल्या, आणि एक मारिया तर भर रस्त्यात मोकळी झाली.

मग गाणं थांबलं आणि दारावर काठी आपटली.

"फिदेन्सिओ, किती वर्षं फोनवर ऐकतेय मी," आई म्हणाली. "निकानोरने काय रांधलं, निकानोरला ताप किती होता, निकानोर मिशी काढून कसा दिसतो. तुझ्या बापाशी जन्मभर संसार केला, पण त्याच्याबद्दल मी कुणाशी एवढं बोलले नाही. मी तुला कधी घराबाहेर काढलं का? मग मला का काढतोस, बाळा?"

फिदेन्सिओने कडी काढली. शेवटचं कडवं त्याला रडण्यामुळे म्हणता येईना, ते मारियांनीच उरकलं.

दोन्या ओब्दुलिया आत आली आणि थेट फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

"एवढा थोरला इथे लावलात," ती दोघांना म्हणाली, "आणि आईला एक लहानसा पाठवता आला नाही."