वाल्मीकच्या डोक्यावरचे निखारे

फकिरातात्यानं डोक्यावरची टोपी काढली, मेलेल्या मधमाश्यांनी भरली आणि बांध ओलांडून वाल्मीकच्या ओट्यावर उपडी केली.

"हे घे. तुझी शिकार."

वाल्मीक त्याचा चुलतभाऊ, वयानं धाकटा, अंगानं थोरला. तो चहात बिस्किट बुडवत होता.

"माश्या हायत त्या तात्या. मरत्यात."

"माझ्या डेंगळ्यावरच्या माश्या व्हत्या!"

"नाव घातलं व्हतं का त्यांच्यावर?"

चांदवडकडच्या आमच्या मळ्यात लहान पोरालाही ठाऊक असतं, की कांद्याच्या बियाण्यासाठी राखलेलं डेंगळं पांढऱ्या गोंड्यांनी फुललं की त्यावर माशी बसावी लागते, तरच बी धरतं. म्हणून शेजाऱ्यानं औषध फवारायचं तर सांजच्याला, माश्या घरी गेल्यावर. तात्यानं हे वाल्मीकला बजावलं होतं. वाल्मीकनं भर सकाळी हरभऱ्यावर फवारलं. आता तात्याच्या वावरात गोंडे डोलत होते, आणि भणभण म्हणून नव्हती.

रविवारी तात्या देवळात गेला. आमच्या पत्र्याच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. तात्याचा आवाज नेहमी सगळ्यांच्या पुढं चालतो, डबल ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरसारखा. पण 'आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर' ही ओळ आली आणि ट्रॅक्टर बंद पडला. ओळ संपल्यावर पुन्हा चालू झाला. पुढच्या रविवारीही तेच. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, चंद्रभागाकाकूनं, कोपर मारलं, तरी तो स्टार्ट होईना. सगळ्यात पुढच्या बाकावर वाल्मीक बसलेला. त्याची मान तेवढी लाल झाली.

पाळकसाहेब घरी आले. तात्यानं लपवलं नाही.

"साहेब, देवाम्होरं खोटं कसं बोलू? क्षमा केलीच नाय, तर केली म्हणू कशी? त्या वळीला घशात माशी आडकती. मंग वाटतं, मलाबी माफी नाय. रातभर डोळा लागत नाय."

"मनानं होत नसेल, तर वचनाचा हात धरा तात्या. आधी ते सांगतं तसं वागा, मन मागून येईल." साहेबांनी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि वाचून दाखवलं: वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, तान्हेला असेल तर पाणी पाज, असं केल्यानं तू त्याच्या डोक्यावर निखारे रचशील.

तात्या सरसावून बसला. "निखारे?"

"तो अलंकार आहे, तात्या."

"आसंल, आसंल. पण डोक्यावरच ना?"

त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी हसला.

दुसऱ्या दिवशी काकूनं भाकरी थापली, वांग्याचं भरीत केलं, ताकाची बाटली भरली. वाल्मीकची बायको कुसाबाई लेकीच्या बाळंतपणाला नामपूरला गेलेली, त्यामुळं बिचारा बिस्किटावरच जगत होता. तात्या डबा घेऊन बांधावर उभा राहिला.

"भूक लागलीय का? खरं सांग. उगं खाशील तर उपेग नाय."

"लागलीय."

"तान?"

"ती बी."

"मंग घे."

वाल्मीकनं डबा उघडला, वास घेतला आणि पुढं सरकवला. "पयला घास तू खा."

"म्हंजी? मी इख घालीन?"

"माश्यांला बी तसं वाटलं नव्हतं."

तात्यानं घास खाल्ला. मग रोजच खावा लागला. वैऱ्यावर निखारे रचायचे म्हणजे वैऱ्याच्या पंगतीला बसायचं, ही अट शास्त्रात स्पष्ट लिहिलेली नव्हती. दोघं बाभळीखाली जेवत. तात्याची नजर वाल्मीकच्या टकलावर.

"कसं वाटतंय डोक्याला?"

"बरं हाय."

"गरम बिरम?"

"उनात बसलोय तात्या."

दुसऱ्या दिवशी वाल्मीक टकलावर ओला टॉवेल घालून आला. तात्यानं आशेनं विचारलं, तर म्हणाला, ऊन वाढलंय.

एक दिवस चघळता चघळता वाल्मीक थांबला. "रोज का आणतो रे?"

तात्याला खोटं बोलता येत नाही. ती ओळसुद्धा त्याच पायी अडलेली. "तुझ्या डोक्यावर निखारे रचतोय."

वाल्मीकनं घास गिळला. "पोचले."

"आं?"

"कवाच पोचले. पयल्या भरताच्या दिशी." टॉवेल काढून त्यानं हातात पिळला. "ब्लोअर भाड्याचा व्हता. दुपारी परत द्यायचा, म्हून सकाळीच फवारलं. तू सांगितल्यालं ध्यानात व्हतं माझ्या. चुकलं."

वाल्मीक उठला, टॉवेल हाताला गुंडाळला, तात्याच्या डेंगळ्यात शिरला आणि एका गोंड्यावरून दुसऱ्यावर हात फिरवू लागला. एवढा धिप्पाड माणूस, वाकून, फुलाफुलाला.

"काय करतो?"

"माशी हाय मी."

"माशी एवढी जड नसती! हळू! गोंडा मोडंल!" म्हणत तात्याही टोपी हाताला गुंडाळून आत शिरला. फुलं सुकेपर्यंत रोज सकाळी दोन माश्या वावरात हिंडत होत्या, एकमेकींच्या चुका काढत. बी किती धरेल, ते देवालाच माहीत.

रविवारी प्रार्थना सुरू झाली. ती ओळ जवळ आली तसे आम्ही सगळेच ऐकायला थांबलो. पाळकसाहेबसुद्धा. त्या शांततेत तात्यानं ती ओळ एकट्यानं म्हटली, सावकाश, चढावर गिअर टाकल्यासारखी. आणि पुढं गेला.

बाहेर आल्यावर तो वाल्मीकला म्हणाला, "सांच्याला ये जेवाय."

"भूक नसली तर?"

"तरी ये."