कमानीखालचा टेकू

मित्रांनो, मी एक जुना टेकू आहे. जेरुसलेमच्या जुन्या शहरातल्या एका चर्चमध्ये, तडा गेलेल्या कमानीखाली मी उभा आहे. तुम्ही कधी आलात तर माझ्याजवळ उभे राहू नका. माझ्या अंगाला कान तर मुळीच लावू नका.

मूळचा मी डोंगरउतारावरचा ओक. भूकंपात ही कमान तडकली, तेव्हा मला तोडून, तासून इथे आणले. कमानीचा एक खांब ग्रीक ख्रिस्ती पंथाच्या हद्दीत, दुसरा आर्मेनियन पंथाच्या. आणि इथला जुना दंडक असा, की जो दुरुस्ती करील त्याची मालकी. त्यामुळे एकाने थापी उचलली की दुसरा धावून यायचा. इथे राज्य इंग्रजांचे; शेवटी त्यांच्याच सरकारने मला उभे केले. इंजिनियर साहेब म्हणाला, "परदेशातून पंचमंडळ येईल, हक्कांचा निवाडा करील. तोवर हा टेकू कुणाचाच नाही."

मला केवढा अभिमान वाटला! भांडकुदळांच्या घरात मी एकटाच कुणाचा नव्हतो. पण पंचांचा अध्यक्ष कोणत्या पंथाचा असावा, यावरच मोठमोठ्या देशांच्या दरबारांत घोडे अडले. पंचमंडळ आलेच नाही. मी आपला कमान पेलत राहिलो.

माझ्या पायाशी रिप्सिमे मावशी मेणबत्त्या विकते. आर्मेनियन आहे, गाव जळाले तेव्हा एकटीच वाचून आली. दमली की मला पाठ टेकते. पंथांच्या भांडणामुळे चर्चच्या दाराची किल्ली पिढ्यानपिढ्या मुसलमानांकडे; ती सांभाळणारा तो अबू राजी. तो रोज तिला टोकायचा.

"मावशी, दुसरीकडे बस की! त्या कमानीचा मला भरवसा नाही."

"आणि कुठं बसू रे? चार हात सरकले तर ग्रीक म्हणतील, म्हातारीनं जागा बळकावली. इथं निदान कुणी उठवत नाही."

मग मला कीड लागली. एका दुपारी चर्च रिकामे असताना माझ्या पोटातून आवाज आला. टक, टक, टक. मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि पाठ न हलवता कुजबुजली, "आत कुणीतरी आहे."

आर्मेनियनांचे फादर नेर्सेस धावत आले. कान लावून म्हणाले, "आमचे संत हाक देताहेत."

"तुमचे कशाला?" ग्रीकांचे फादर अन्थिमोस गरजले. "इथं आमचे बिशप पुरलेत!"

"महाराज, कीड आहे ती," अबू राजी म्हणाला. "माझ्या आईच्या पेटीत होती. शेवटी पेटीचा भुसा झाला."

दोन्ही फादरांनी एकदमच त्याच्याकडे डोळे वटारले. इतक्या वर्षांत तेवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचे एकमत झाले.

माझ्या दोन्ही अंगांना दोन दिवे लागले. लोक रांगेने येऊन माझे चुंबन घेऊ लागले. बाहेरून ओठ टेकत होते आणि आतून असंख्य इवलीशी डोकी आपटत होती. मित्रांनो, मला किती भीती वाटायची म्हणून सांगू! सरकारने नवे लाकूड घेऊन सुतार धाडला, तर दोघांनी त्याला दारातच अडवले. पवित्र लाकडाला करवत लावतोस? बिचारा आला तसा परत गेला. मला ओरडावेसे वाटे. पण माझ्या पोटातून निघणारा आवाज माझा नव्हताच, आणि उत्तर म्हणून धूप जळत होता.

आज सकाळी आवाज थांबला.

संतांना शांती मिळाली, असे दोघांनी आपापल्या बाजूने जाहीर केले. आता चर्च गच्च भरले आहे. एवढी माणसे, पण कुणी खोकतसुद्धा नाही. सगळे ती शांतता ऐकायला माझ्याखाली दाटले आहेत. वरून चिमूटभर चुना मावशीच्या ओढणीवर पडतो आणि ती तो प्रसादासारखा कपाळाला लावते.

"मावशी, बाहेर ये!" अबू राजी दारातून ओरडतो आहे.

"गप रे! ऐकू दे जरा," म्हणत ती माझ्यावर सगळा भार टाकून बसते.

मित्रांनो, शांती कुणालाच मिळालेली नाही. कीड निघून गेली, कारण माझ्यात खायला काही उरले नाही. कमान कुणाची ते सावकाश ठरवा, हवे तर आणखी शंभर वर्षे भांडा. पण तुमच्यापैकी कुणाला माझे बोलणे कळत असेल, तर धावत या आणि आधी त्या म्हातारीला उठवा.