गोड वासाची तक्रार

प्रदूषण नियंत्रण कार्यालयातल्या क्षेत्र अधिकारी बाईंच्या टेबलावर त्या सकाळी एक तक्रार येऊन पडली आणि पत्ता वाचताच त्यांना चहाचा ठसका लागला. पत्ता त्यांच्याच घराचा होता. तक्रारदार होते त्यांचे सासरे.

सासऱ्यांचं दुखणं साधं होतं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, आणि घर नेमकं बिस्किटांच्या कारखान्यासमोर. पहाटे भट्टी पेटली की लोणी आणि व्हॅनिलाचा असा घमघमाट सुटायचा की अख्खी गल्ली त्यानंच जागी व्हायची. सासरे मात्र उशीत तोंड खुपसून तळमळत पडायचे. सुनेच्या कानावर त्यांनी हे कितीदा तरी घातलं होतं, आणि दर वेळी "बघते हं, बाबा" म्हणून ती भाजी चिरायला वळली होती. शेवटी त्यांनी सरकारदरबारी दाद मागितली.

बाईंनी साहेबांना विनवून पाहिलं, घरचा मामला आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेब म्हणाले, तुम्ही तिथेच राहता म्हणजे जीपचं डिझेल वाचेल. आणि घरच्यांवर मेहेरनजर केली असंही कुणी म्हणणार नाही, कारण गल्लीच्या शिव्या तुम्हालाच खायच्या आहेत.

तेव्हा बाई वास मोजायचं नळकांडं खांद्याला अडकवून स्वतःच्या घरी गेल्या आणि बेल वाजवली. इस्त्रीचा शर्ट घालून सासऱ्यांनी दार उघडलं. "या मॅडम, बसा," ते म्हणाले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या आत निघून गेल्या.

"त्रास नेमका काय होतो?" बाईंनी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"मॅडम, काल स्वप्नात मी एक अख्खा पुडा संपवला. जाग आली तेव्हा उशीचा कोपरा तोंडात होता."

आतून सासूबाईंनी उशी आणून पुरावा म्हणून दाखवली.

बाईंनी गॅलरीत उभं राहून नळकांडं नाकाला लावलं. नियमात चांगला वास आणि वाईट वास असा भेद नव्हता. मर्यादेपलीकडे गेला तो वास, आणि हा चांगलाच पलीकडे गेलेला. बिस्किटवाल्याला नोटीस गेली. बिचारा मऊ स्वभावाचा माणूस. आपला वास लोकांच्या स्वप्नापर्यंत पोचतो हे ऐकून आधी त्याला आनंदच झाला. मग त्यानं मुकाट्यानं धुराड्याला फिल्टर बसवला.

गल्लीनं बाईंशी बोलणं टाकलं. पण त्यांच्या नावानं बोटं मोडायला लोकांना फारशी सवड मिळाली नाही, कारण बिस्किटांचा वास गेला आणि त्याखालून दुसराच वास वर आला. कुणीतरी जुने बूट उकळत ठेवावेत तसा. आधी सगळ्यांनी गटाराला दोष दिला. गटार उपसलं. मग मेलेल्या उंदराचा संशय आला, म्हणून घराघरांतली कपाटं सरकवून झाली. उंदीर सापडला नाही. सासऱ्यांची अन्नावरची वासना उडाली आणि साखर अशी उतरली की डॉक्टरांनी पाठ थोपटली. "मिळाला ना आराम?" सासूबाई नाकाला पदर लावून रोज विचारायच्या.

बाईंच्या नाकी नऊ आले होते. अशात एक दिवस सुटाबुटातला एक मॅनेजर त्यांच्यासमोर येऊन बसला. त्याची मागणी ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं.

"बिस्किटांचा वास पुन्हा सुरू करा, मॅडम. लोकांचे फार हाल होताहेत."

"तुम्ही त्या गल्लीत राहता?"

"छे, राहत नाही. मागच्या बाजूला आमचा कारखाना आहे."

"कसला?"

मॅनेजर घुटमळला. "सरस बनवतो, लाकूड चिकटवायचा. हाडांपासून. मॅडम, इतकी वर्षं त्यांचा वास आणि आमचा वास गुण्यागोविंदानं नांदत होते हो."

बाईंनी जीप मागवली आणि मॅनेजरलाही शेजारी बसवून घेतलं. सरसाच्या कारखान्यात कढया उघड्याच रटरटत होत्या, आणि वाफ धुऊन बाहेर सोडायच्या यंत्रावर कामगारांचे टॉवेल वाळत होते. काही वर्षांपूर्वी बिस्किटांच्या घमघमाटात इथे फाटकापर्यंतच येऊन बाईंनी स्वतःच 'वास समाधानकारक' असा शेरा मारला होता. तो आठवून त्यांचे कान तापले. टॉवेल निघून यंत्र नीट चालू होईपर्यंत त्यांनी कारखान्याला टाळं लावलं.

मग गल्लीत कसलाच वास उरला नाही, आणि लोकांना तेही पचेना. सकाळी जागच येत नाही, असं म्हणत सगळे मिळून कार्यालयात आले. मागणीवरून वास पुरवायची तरतूद नियमात नव्हती. साहेबांनी छताकडे पाहत विचारलं, की फिल्टर कधीतरी काढून धुवावा लागत असेल ना? लागायचा. तो रविवारी सकाळी, भट्टी चालू असतानाच धुवावा, असं ठरलं.

रविवारी गल्ली खुर्च्या टाकून गॅलऱ्यांत बसू लागली. सासरे तेवढ्यापुरते लेकीकडे राहायला जायचे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. पहिलाच रविवार आणि वारा नेमका तिकडे वळला. सोमवारी लेकीच्या पत्त्यावरून तक्रार आलीच. पण ते घर दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हद्दीत होतं. बाईंनी कागद शेजारच्या टेबलावर सरकवला आणि आपला चहा गरम असतानाच पिऊन टाकला.