पहिल्या रसाचा पेला

एप्रिल, म्हणजे इकडचा पानगळीचा महिना, संपत आला तशी एर्मिंदाच्या परसात सफरचंदांचा नुसता खच पडला. सकाळी दार उघडलं की आंबटगोड वासाचा लोट आत यायचा आणि पाठोपाठ दोन-चार गांधीलमाश्या. तिनं पाच दिवस वाकून वाकून सफरचंदं वेचली, पोत्यांत भरली आणि छपराखाली रचली. सव्वीस पोती झाली. झाडांवर अजून तितकीच होती.

बाकी कामांत ती कुठं अडली नव्हती. धुराडं उतरवून अंगणात आपटून झाडलं. सरपण साल वरच्या अंगाला ठेवून वाशापर्यंत रचलं. लसणाच्या वेण्या घातल्या, बियाण्याचे बटाटे वेगळे काढून गवतात पुरले. हे सगळं पूर्वी ती आणि नवरा मिळून करायचे. आता एकटीनं केलं, पण केलं. आणि करताना अधूनमधून बरंही वाटलं, हे तिनं मनाशी कबूल केलं होतं. धुराडं साफ झाल्यावर पहिल्यांदा चूल पेटवली, लोखंडी पत्रा तापला, त्यावर ओले मोजे वाळत घातले आणि कढत माते, म्हणजे पाल्याचा कडू चहा, घेऊन खिडकीशी बसली, तेव्हा तर तिला अगदी सुख लागलं. मग शेजारची रिकामी खुर्ची दिसली आणि त्या सुखाची लाज वाटली.

पण सफरचंदांचं कांडण एकट्या माणसाचं काम नव्हे. लाकडाची लांब डोण असते, तिच्या दोन्ही अंगांना चौघं उभे राहतात आणि लूमा झाडाच्या लवचिक काठ्यांनी पाळीपाळीनं सफरचंदं कुटतात. मग तो चोथा करंड्यांत भरून पेचाच्या घाण्यात दाबायचा आणि रस पिंपात. पुढं तो आंबून त्याची चिचा, म्हणजे सफरचंदाची दारू, होते. पिंप भरलं असलं की हिवाळाभर पावसातून माणसं येतात, दारात चिखलाचे बूट काढून ठेवतात आणि चुलीभोवती बसतात. या बेटावर रिकाम्या पिंपाच्या घरात कुणी मुद्दाम जात नाही. कुणाचं वाईट मन असतं म्हणून नव्हे. त्या घरातल्या माणसाला ओशाळवाणं होऊ नये म्हणून.

मुलगा एल्विओ पलीकडच्या पुएर्तो मोंत शहरातून दर रविवारी फोन करायचा.

"आई, ती सफरचंदं घाल डुकरांना आणि इकडं ये. खोली रिकामी आहे. हीटर आहे खोलीत."

"हीटरवर किटली ठेवता येते का रे?"

"चेष्टा करू नकोस. हिवाळ्यात कोण येणार आहे तुझ्याकडं?"

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. ती म्हणाली, "कांडण झालं तर राहीन. नाही झालं तर मेअखेरीला ये, घेऊन जा." बोलून गेली आणि मग शब्दाला बांधली गेली.

कांडणाला माणसं आपणहून येत नाहीत. त्यांना विनवायला जावं लागतं, घरोघर, स्वतःच्या पायांनी. निरोप चालत नाही, फोन तर नाहीच. चाळीस वर्षं हे काम तिच्या नवऱ्यानं, नोल्बेर्तोनं केलं होतं. आदल्या आठवड्यात तो स्वच्छ सदरा घालून निघायचा आणि पहिल्यांदा जायचा तो टेकडीखालच्या आर्सेनियोकडे. आर्सेनियो एल्विओचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून या नवराबायकोचा कोंपाद्रे, आणि एर्मिंदा त्याची कोमाद्रे. घरही सगळ्यांत जवळ. म्हणून आधी तिकडं, अशी एर्मिंदाची समजूत.

पण आर्सेनियोच्या दारात ती सात महिन्यांत गेली नव्हती. सप्टेंबरात मोठ्या ओहोटीला तो नोल्बेर्तोला होडीतून पलीकडच्या खडकांवर शिंपले काढायला घेऊन गेला. येताना पाऊस, वारा, दोघं नखशिखांत भिजलेले. नोल्बेर्तोच्या छातीत कफ झाला आणि नवव्या दिवशी तो गेला. दफनाच्या वेळी सगळ्या गावासमोर एर्मिंदा आर्सेनियोला म्हणाली, "तुम्ही त्याला घेऊन गेलात. आता आणा परत." आर्सेनियोनं टोपी हातात धरून ऐकून घेतलं. तेव्हापासून रस्त्यात ती दिसली की तो कुंपणाच्या कडेला थांबायचा, ती पुढं जाईपर्यंत.

तेव्हा तिनं विचार केला, चारच तर माणसं लागतात. तेओलिंदाची दोन धट्टीकट्टी पोरं आहेत, लिसांद्रो आहे, लिसांद्रोचा जावई आहे. घाणा घरचा, डोण घरची. आर्सेनियोवाचून काही अडत नाही. सोमवारी तिनं काळा कोट घातला आणि गावाच्या दुसऱ्या टोकापासून, देवळाजवळच्या तेओलिंदाच्या घरापासून सुरुवात केली.

तेओलिंदानं तिला बसवलं, गरम पाव दिला, वर लोणी थापलं. एर्मिंदानं शनिवारच्या कांडणाची विनवणी केली. तेओलिंदा चुलीत उगाचच लाकूड सारत म्हणाली, "बघू हं एर्मिंदाबाई. पोरं शनिवारी कुठं असतील, काय सांगावं."

"दोघंही?"

"दोघांचे पाय काही माझ्या मुठीत नाहीत हो." मग सहज विचारल्यासारखं, "टेकडीखाली जाऊन आलात का?"

"नाही."

"असं," तेओलिंदा म्हणाली आणि आणखी एक पाव तिच्या पुढ्यात ठेवला.

एर्मिंदा रस्ताभर धुमसत होती. याच बाईचं छप्पर वादळात उडालं तेव्हा नोल्बेर्तो तीन दिवस तिच्या आढ्यावर चढून बसला होता. माणूस गेला की त्याची आठवणही जाते, तिला वाटलं. आणि एल्विओ म्हणतो तेच खरं की काय, असंही वाटलं. सव्वीस पोत्यांच्या तळातून पाणी झिरपायला लागलं होतं. या शनिवारी झालं नाही तर डुकरंसुद्धा तोंड लावणार नव्हती.

लिसांद्रो मेंढीचे खूर कापत बसला होता. हा माणूस ऐंशीला टेकलेला, तोंडानं फटकळ. त्यानं विनवणी पुरी होऊ दिली आणि मेंढी न सोडताच म्हणाला, "कितवं घर हे?"

"दुसरं."

"पहिलं?"

"तेओलिंदाचं."

"उलट्या टोकानं निघालात, बाई. नोल्बेर्तो असता तर कपाळावर हात मारून घेतला असता त्यानं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ज्याच्या दारात पहिली विनवणी, दिवस त्याच्या हाती. काठ्या कधी उचलायच्या, कधी थांबायचं, तो सांगणार. तुमच्या घरचा दिवस चाळीस वर्षं आर्सेनियोच्या हाती आहे. त्याला ओलांडून आम्ही हो म्हणायचं? उद्या त्याला तोंड कसं दाखवू?"

एर्मिंदाचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुम्हा कुणाला यायचंच नाही."

"आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला कुणी यायला नको आहे. दुखवट्याचं घर. न बोलावता काठ्या घेऊन कोण घुसणार?" त्यानं मेंढीला सोडलं आणि कमरेवर हात ठेवून उठला. "तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो आणि सफरचंदं, दोन्ही काही टिकवता येणार नाही या वर्षी. एक काहीतरी कुजणार."

ती तिथून निघाली आणि सरळ घरी आली. मंगळवार नुसता गेला. बुधवारी तिनं खिडकीची काच पुसली, तीही दोनदा. कांडणाच्या दिवशी तिचा मुक्काम याच खिडकीमागं असायचा. बायका सैपाकघरात, पुरुष छपराखाली. काठ्यांचा आवाज ऐकत ती चरबीत बटाट्याचे मिल्काओ तळायची. मग घाणा पहिल्यांदा फिरला की काचेवर दोन टिचक्या वाजायच्या. बाहेर नोल्बेर्तो, हातात पहिल्या रसाचा लाकडी पेला. कुणाच्याही आधी तिला. इतर बायका एकमेकींकडे बघून हसायच्या आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पेला मात्र दर वर्षी दोन बोटं कमी असायचा. "पायरीवर सांडला," तो म्हणायचा. चाळीस वर्षं त्याच पायरीवर सांडत होता. त्या दोन टिचक्या आता कधी वाजणार नाहीत, हे तिला रिकाम्या खुर्चीपेक्षाही जड जात होतं.

गुरुवारी दुपारी ती टेकडी उतरली.

आर्सेनियो एकटा राहायचा. दार उघडंच होतं. आत जाण्याआधी तिला भिंतीला टेकवलेली लूमाची काठी दिसली. नुकतीच चरबी चोळलेली, चकचकीत. कांडणाआधी काठीला चरबी चोळतात, नाहीतर ती हाताची साल काढते.

"कोंपाद्रे."

तो उठून उभा राहिला. "कोमाद्रे. पाऊस धरलाय. आत या."

तिनं कोट काढला नाही. त्यानं माते भरून दिला, तिनं घेतला.

"मी बोललेले शब्द परत घ्यायला आले नाही," ती म्हणाली. "विनवायला आलेय."

"शब्दांचं मी काही म्हटलं नाही. मी नको म्हणायला हवं होतं त्या दिवशी. रोज सकाळी मनाशी हेच म्हणतो." तो खाली बघून बोलत होता. "विनवा."

तिनं पेला खाली ठेवला. नोल्बेर्तो काय म्हणायचा ते तिला पाठ होतं, पण तो 'आमच्या' म्हणायचा. तिथं तिनं 'माझ्या' घातलं. "शनिवारी माझ्या घरी कांडण आहे. हात कमी पडतात. तुमचे हात द्यावेत, ही विनवणी."

"किती वाजता?"

"धुकं उठलं की."

"डोण भिजत घातलीय का? सुकी असेल तर पहिल्याच फटक्याला तडकेल."

"आज घालते."

"घाला. दगड ठेवा आत, नाहीतर तरंगेल." मग तो म्हणाला, "बाकीच्यांकडे आता परत जा. मी सांगून ठेवणार नाही. ते तुमचं काम."

ती परत गेली. तेओलिंदानं या खेपेला पाव दिलाच नाही, दारातच म्हणाली, "दोघंही येतील. आणि पीठ मळायला मी."

शनिवारी धुकं उठलं तेव्हा अंगणात नऊ माणसं होती. आर्सेनियोनं काठी उचलली, मग बाकीच्यांनी. चार काठ्यांचा ताल धरला गेला आणि एर्मिंदा चुलीकडे वळली ती पुन्हा खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवूनच. तेओलिंदा बटाटे किसत होती. पहिले मिल्काओ कढईत फुलले. बाहेर घाण्याचा पेच करकरला, करंड्यांतून रस गळायला लागला, कुणीतरी पिंपाची जागा बदलली. ती झारा घेऊन तशीच उभी राहिली.

काचेवर दोन टिचक्या वाजल्या.

तेओलिंदाचा हात थांबला. एर्मिंदानं खिडकी उघडली. बाहेर आर्सेनियो होता, तोच लाकडी पेला घेऊन.

"घ्या, कोमाद्रे."

"हा... हा तो आणायचा."

"आणायचा तो. पण पेला माझा असतो. पहिली विनवणी ज्याला, पहिला पेला त्याला." बोलताना त्याला अवघड होत होतं. "पहिल्या वर्षी मीच त्याला म्हटलं, ती पहाटेपासून चुलीशी उभी आहे, आधी तिला नेऊन दे. मग दर वर्षी तेच झालं. त्यानं सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही," एर्मिंदा म्हणाली. "लबाड कुठला. चाळीस वर्षं भाव खाल्ला माझ्यापुढं."

ती हसली, आणि हसता हसता रडली. झाऱ्यातून चरबी ठिबकत राहिली. तेओलिंदानं तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

"कोंपाद्रे, मी त्या दिवशी बोलले ते खरं नव्हतं. त्याला कुणी कुठं घेऊन जाऊ शकत नव्हतं. ओहोटी दिसली की तो जायचाच. मला कुणावर तरी ओरडायचं होतं."

"ठाऊक आहे," आर्सेनियो म्हणाला. "घ्या, फेस जिरून जाईल."

तिनं पेला हातात घेतला. तो काठोकाठ भरलेला होता. त्या पायरीवरून एक थेंबही न सांडता माणूस आला होता. ती पेल्याकडे बघत राहिली आणि मग तो तिनं खिडकीतून परत त्याच्यापुढं केला.

"आधी तुम्ही दोन बोटं प्या," ती म्हणाली. "भरलेल्या पेल्याची मला सवय नाही."