खांद्यावरची खडी

सॅमसननं पोतं उचलून बापाच्या खांद्यांवर आडवं टाकलं, दोन्ही बाजूंना सारखं लोंबतंय ना ते पाहिलं आणि मागं सरकून म्हणाला,

“हं, बसा आता.”

योसेफ खाली बसला. गुडघे कडकडले. वर येताना त्याचा चेहरा काळवंडला आणि तोंडातून शिट्टीसारखा आवाज निघाला. पोत्यात रुळांखालची खडी होती. गँगमन म्हणून उभी हयात जी खडी फावड्यानं ओढली, तीच रिटायर व्हायच्या तोंडावर त्याच्या मानगुटीवर बसली होती. आणली होती लेकानंच. दौंडात नवीन जिम निघाली होती, पण सॅमसनचं म्हणणं, फी भरून दुसऱ्याचं लोखंड कशाला उचलायचं? क्वार्टरच्या ओसरीत काय कमी आहे?

योसेफची बायको दयाबाई स्टोव्हपाशी बसून कौतुकानं बघत होती. नाताळपासून योसेफला दम लागायला लागला होता आणि पुढं रेल्वेचं मेडिकल येऊन ठेपलेलं. रेल्वेच्या डॉक्टरला चाहूल लागली तर तो अनफिट लिहून मोकळा होणार, आणि मग शिपाई होऊन साहेबाच्या दाराशी स्टूल टाकून बसायचं, याची योसेफला फार लाज. म्हणून बापलेक गुपचूप एस.टी.नं शिरूरला जाऊन आले होते. तिथल्या डॉक्टरला रेल्वेशी काही देणंघेणं नव्हतं. परत आल्यावर सॅमसननं सांगितलं, डॉक्टर म्हणाले घाम काढा, शरीर कमवा. तेव्हापासून हा नेम सुरू झाला.

“समदी सोंगं आणता येत्यात,” योसेफ म्हणायचा, “मेडिकलला दमाचं सोंग न्हाई आणता येत.” आणि पुन्हा खाली बसायचा.

सॅमसन रेल्वेच्या परीक्षा देऊन देऊन थकला होता. गेल्या वर्षी वयाची अटही उलटली, तेव्हापासून दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. पण बापाचा व्यायाम सुरू झाला आणि पोरगं बदललं. पहाटे उठून अंडी उकडू लागलं, बापाच्या पोटऱ्यांना तेल चोळू लागलं. देवानं उशिरा का होईना सुबुद्धी दिली, म्हणून दयाबाई दर रविवारी चर्चमध्ये आभार मानायची.

शेजारच्या क्वार्टरमधली चांगुणा कधीमधी ओसरीशी टेकायची. तिचा नवरा नोकरीत असतानाच गेला होता आणि त्याच्या जागी, वयाची अट न बघता, रेल्वेनं तिच्या मुलाला घेतलं होतं.

“गेला त्ये वाईटच झालं गं,” ती म्हणायची, “पर जाता जाता पोराचं करून गेला.”

कॉलनीत असं बोलायची कुणाला चोरी नव्हती. दयाबाई तिच्यापुढं हळहळायची आणि आत येऊन नवऱ्याच्या ताटात एक भाकरी जास्त वाढायची.

उन्हाळा लागला तशी ती शिरूरला मिशन कंपाउंडात राहणाऱ्या बहिणीकडं, अनसाबाईकडं गेली. जाताना घरच्या कोंबड्यांची अंडी भुशात घालून नेली. ज्या डॉक्टरनं नवऱ्याला उभं केलं, त्याच्या दवाखान्यात रिकाम्या हातानं कसं जायचं?

“दौंडचे योसेफ? कसे आहेत?” डॉक्टरांनी विचारलं.

“लई झ्याक, डॉक्टरसाहेब. खडीचं पोतं घेऊन बैठका मारत्यात. तुमी सांगितल्यापास्नं एक दिस चुकवला न्हाई.”

डॉक्टर तिच्याकडं बघतच राहिले.

“मी सांगितलं? बाई, त्यांचं हृदय पार थकलंय. पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, लगेच पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या, असं बजावलं होतं मी. ते आत शर्ट घालत होते, म्हणून मुलाला इथं समोर बसवून सांगितलं. त्यानं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.”

दयाबाईला आधी वाटलं, पोरगं धांदरट, त्यानं भलतंच ऐकलं असेल. मग तिला ते ‘पुन्हा पुन्हा’ आठवलं. स्टँडवर दौंडची गाडी लागली तरी तिला उठवेना. पोटच्या गोळ्याविषयी आईला असं काही मनात आणावं लागू नये, पण आता ते आलं होतं आणि जात नव्हतं.

घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. सॅमसन बाहेर गेला होता. तिनं योसेफला परसात नळापाशी नेलं आणि रडत रडत सगळं सांगितलं. तो पाय धुवत राहिला.

“ठाव हाय मला,” तो म्हणाला. “पडद्याच्या आड तर व्हतो. कान शाबूत हायेत अजून.”

“मग करताय कशाला?”

“सांगंल की त्यो. आज सांगंल, उद्या सांगंल म्हणून बघतोय.”

“आन् न्हाईच सांगितलं तर?”

योसेफनं नळ बंद केला.

“तर त्याला नोकरीची लईच नड हाय म्हणायचं.”

दयाबाईनं त्याचा हात धरला. तिला ओरडायचं होतं, पोराला कानाखाली वाजवायची होती. योसेफनं तो हात हलकेच सोडवला.

“तू मधी पडू नको. त्याच्या तोंडनं येऊ दे. माझं एवढं ऐक.”

तिनं मान हलवली. का हलवली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

सकाळी योसेफ ओसरीत उभा राहिला. त्याचे ओठ निळसर दिसत होते. नाहीतर रोजच दिसत असतील, तिचंच लक्ष आज गेलं. सॅमसननं पोतं टाकलं. योसेफ बसला, उठला. पुन्हा बसला. या खेपेला उठताना त्यानं भिंतीचा आधार घेतला.

“पप्पा, थांबा,” सॅमसन म्हणाला.

योसेफ जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा एकदम उजळला. इतका की दयाबाईला लग्नातला योसेफ आठवला.

सॅमसन पुढं आला. एका अंगाला घसरलेलं पोतं त्यानं सारखं केलं. टॉवेलाची घडी करून मायेनं बापाच्या मानेवर पोत्याखाली सरकवली.

“टोचत व्हतं ना? हां, बसा आता.”

“शिरूरचे डॉक्टर भेटले मला,” दयाबाई म्हणाली. “समदं सांगितलं त्यांनी.”

सॅमसनचा हात पोत्यावर तसाच राहिला. त्यानं वळून पाहिलं नाही. योसेफही लेकाकडं बघत नव्हता. तो बायकोकडं बघत होता, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याच्या डोळ्यांत एवढा राग कधी पाहिला नव्हता.

“एक दिस कळ काढायची व्हतीस, दया,” तो म्हणाला. “आज सांगणार व्हता त्यो.”