जोमारचा दुखवटा

दावावहून आलेलं ते पत्र नानांना आता पाठ झालं होतं, पण त्याला उत्तर मात्र त्यांनी दिलं नव्हतं. लिहायला ते बसत, नाही असं नाही. पारनेरच्या कॉलेजात सगळी हयात ग्रंथपाल म्हणून गेलेली. कागदाला बिचकावं असं काही नव्हतं. पण सुरुवातीला 'प्रिय' लिहायचं की 'चिरंजीव', इथंच त्यांचं घोडं अडायचं. मग आपलं इंग्रजी कच्चं आहे अशी स्वतःची समजूत घालून ते कागद घडी करून ठेवत. इंग्रजी कच्चं नव्हतं. नानांना तेही ठाऊक होतं.

पत्र जोमारचं होतं. फिलिपिन्समधल्या दावाव शहरात तो एका पार्लरमध्ये लोकांचे केस कापायचा. नानांचा एकुलता एक मुलगा अमृत त्याच शहरात डॉक्टरकी शिकायला गेला होता, आणि शेवटची काही वर्षं दोघं एका खोलीत, एका चुलीवर, नवराबायकोसारखे राहिले होते.

हे नानांना पत्रातून कळलेलं नव्हतं. अमृतनंच सांगितलं होतं. त्या बापलेकांचं फोनवरचं बोलणं दोन वाक्यांत आटपायचं. जेवलास का, अभ्यास कसा चाललाय. म्हणून नानांनी एकदा भीतभीतच विचारलं, "तिकडच्या लोककथा वगैरे कानावर येतात का रे?" तेव्हापासून दर रविवारी अमृत एक गोष्ट सांगू लागला. वाटसरूला तिथल्या तिथं फिरवणारा घोडतोंड्या राक्षस होता. "आपला चकवाच की," नाना खुश होऊन म्हणाले. त्याच्या तावडीतून सुटायचं तर अंगातला सदरा उलटा करून घालायचा. हे ऐकून नाना कितीतरी वेळ हसत होते.

मग एका रविवारी मनानांगालची गोष्ट आली. दिवसा ती चारचौघींसारखी बाई. रात्री कमरेपासून दुभंगते; वरच्या अर्ध्या अंगाला पंख फुटतात आणि ते उडून जातं, खालचं अर्धं केळीच्या बागेत तसंच उभं राहतं. कोणी त्यावर मीठ टाकलं, की उजाडायच्या आत तिला पुन्हा जुळता येत नाही. मग संपलं.

"आमच्या इथं जत्रेत सौंदर्यस्पर्धा असते, नाना. मुलगे बायकांचा साज करून उतरतात. सगळं गाव खुर्च्या मांडून बघायला बसतं. यंदा जोमार मनानांगाल झाला होता. पंख त्यानं स्वतः शिवले. परीक्षकानं विचारलं, या बाईला काय हवं असतं? लोकांना वाटलं, म्हणेल रक्त. तो म्हणाला, तिला फक्त सकाळच्या आत घरी पोचायचं असतं."

"मग?"

"पहिला नंबर आला."

त्या दिवाळीत अमृत घरी आला आणि सावेडीच्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालता घालता त्यानं बापाला सगळं सरळ सांगून टाकलं. नाना चिमटे हातात धरून उभे राहिले. रागावले नाहीत. अशा नात्यांविषयी जे वाचलं होतं, त्यातलं काहीबाही आठवून पाहिलं. शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच, "आत्याला सांगू नकोस. तिला झेपायचं नाही."

अमृत हसला. "टाकलंत ना मीठ, नाना."

त्याच आठवड्यात मित्राला भेटायला म्हणून तो मोटरसायकलवर काष्टीकडं निघाला. वाटेत उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा, ना लाल पट्टी.

अमृतच्या कॉलेजकडून जोमारला तो गेल्याची बातमी कळली, नानांचा पत्ताही तिथूनच मिळाला. त्यानं लिहिलं होतं: मी वर्षभरासाठी काळे कपडे घातले आहेत. आमच्यात वर्ष भरलं की घरातली वडीलधारी माणसं प्रार्थना करतात आणि काळं उतरवायला सांगतात. मला असं सांगणारं कोणी नाही. माझा बाप माझं तोंड पाहत नाही. पार्लरची मालकीण म्हणते, तुझ्या कपड्यांनी गिऱ्हाईक घाबरतं. पण ती चेष्टेनं म्हणते. तुम्ही अमृतचे वडील आहात. तुम्ही सांगाल तेव्हा मी काळं उतरवीन. उत्तर आलं नाही, तर तेही मी समजून घेईन.

समजून काय घेईल तो, या विचारानं नानांचं जेवण तुटलं होतं. पण 'उतरव' असं लिहिणारे आपण कोण? आणि काय म्हणून लिहायचं?

अमृतचं वर्षश्राद्ध झालं. पाहुण्यांनी रीतीप्रमाणे दुखवटा म्हणून टॉवेल-टोपी, लुगडी दिली. ते कपडे गोजरबाई पलंगावर बसून घड्या घालत होती. गोजरबाई नानांची थोरली बहीण, काष्टीला दिलेली. लवकर विधवा झालेली. अमृतची आई गेल्यावर भावाच्या घरी आली ती त्या पोराला पदराखाली घेऊन इथलीच झाली.

"झालं म्हनायचं वरीस," ती म्हणाली. "पाव्हनं जिलबी खाऊन गेलं. आता त्याच्यासाठी रडनारं तू आन मी. आपुन गेलो की त्येचं नाव बी संपलं."

नाना दारात उभे होते. "नाही, आक्का. आणखी एक आहे."

आणि मग त्यांनी सांगितलं. पत्र काढून आणलं, अडखळत मराठीत वाचून दाखवलं. गोजरबाईच्या हातातली घडी तशीच राहिली.

"पोरगा हाय त्यो?"

"हो."

"कुनी करनी-बिरनी केल्ती का माझ्या लेकरावर?"

"नाही गं आक्का. तसं नसतं ते."

"तुला ठावं हुतं?"

"दिवाळीतच सांगितलं त्यानं. मीच म्हणालो, आत्याला सांगू नको."

ती उठून आत गेली. दोन दिवस तिनं ताट आदळून वाढलं. नानांना वाटलं, आपण दुसऱ्यांदा चुकलो. गप्प राहून चुकलो होतो, आता बोलून.

तिसऱ्या दिवशी चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवून ती तिथंच भुईवर बसली.

"मला समजत न्हाई त्ये. खोटं कशाला बोलू? पर माझ्या लेकरासाठी कुनीतरी तिकडं वरीसभर काळं घालून फिरतंय, आन तू त्ये कागदात दाबून ठिवलंस? मी हितं भिंतीसंगट बोलत हुते रं, श्रीमंता."

नानांना 'श्रीमंत' या नावानं हाक मारणारं आता तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"आमचं मालक गेलं तवा मी अन्नाला शिवले नव्हते. ध्यानात हाय? तू सायकलवर आल्तास, लुगडं घिऊन. त्ये नेसले, मंग जेवले. विधवंचा दुखवटा माहेरनं येतो. त्या पोराला माहेर हाय का?"

"बाप दारात उभं करत नाही."

"मंग झालं तर." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "आपुनच द्यायचा. चल, कापडबाजारात जाऊन येऊ."

दोघं रिक्षानं कापडबाजारात आले. दुकानाच्या पायरीवर थांबून तिनं विचारलं, "कसा हाय? धिप्पाड का बारीक?"

"बारीक. अमृतनं दाखवलेल्या फोटोत तरी."

"आन घ्यायचं काय? सदरा का लुगडं?"

नाना विचारात पडले. पंख शिवणारा, जत्रेत पहिला आलेला तो मुलगा त्यांच्या डोळ्यांपुढं आला. "दोन्ही चालेल, आक्का."

गोजरबाई खुदकन हसली. वर्षभरात पहिल्यांदा. हसता हसताच तिनं पदर तोंडात धरला आणि दुकानाच्या पायरीवर खाली बसली. गल्ल्यावरचा माणूस पाणी घेऊन धावला.

तिनं मोरपंखी लुगडं घेतलं. पांढरं दाखवलं तर म्हणाली, "नगं, लई दिस झालं त्येला दुखात." एक पिवळा सदरा घेतला. घरी आल्यावर तिनं दोन्हीच्या घडीला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि पांढऱ्या मांजरपाटात गाठोडं शिवायला घेतलं.

नाना लिहायला बसले. 'चिरंजीव जोमार' लिहिलं. त्याला कळणार नाही हे माहीत असून इंग्रजी अक्षरांत तसंच ठेवलं आणि पुढं लिहिलं: वर्ष भरलं, मला उशीर झाला. काळं उतरव. हे घाल. अमृतची आत्या आणि मी, दोघं सांगतो आहोत. आमच्यात हे कपडे माहेरून येतात. तू त्या परीक्षकाला काय उत्तर दिलंस ते अमृतनं मला सांगितलं होतं. तो घरी पोचला नाही. मी त्याला वाट दिली नव्हती.

शेवटची दोन वाक्यं खोडावीत असं त्यांना फार वाटलं. तेवढ्यात गोजरबाईनं सुई थांबवून हात पुढं केला. त्यांनी कागद दिला. तिनं तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि शेवटचा टाका घातला.

पोस्टात दुपारी गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीनं गाठोडं उचलून काट्यावर ठेवलं.

"फिलिपिन्स? तिकडं कोण असतं, काका?"

नाना पाकिटातले पैसे मोजू लागले. मागून गोजरबाई म्हणाली, "आमचंच हाय. घरचं."

"खायचं काही नाही ना आत? लोणचं, मसाला, मीठ-मिरची? ते परत येतं."

"नाही," नाना म्हणाले. "मीठ नाही."

मुलीनं शिक्का मारला आणि गाठोडं मागच्या पिशवीत टाकलं.